शंकेचा तराजू : प्लेगच्या साथीतून काही धडे

१८९१ च्या खानेसुमारीत नगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ८९ हजार होती. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, ती सुमारे ८ लाख ३८ हजार भरली. म्हणजे लोकसंख्या वाढायच्या ऐवजी पन्नास हजारांनी घटली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ आणि त्यांच्या जोडीला आलेली रोगराई ही त्यामागची कारणे. ह्याच दशकात प्लेग मुंबई इलाख्यात शिरला आणि पुढे वीस वर्षे मुक्काम ठोकून राहिला. उंदीर पडू लागले की गाव ओस टाकायचे आणि माळावर झोपड्या बांधून राहायचे, ही आठवण नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अनेक घरांत अजूनही सांगितली जाते.

प्लेगचा हा इतिहास शिक्षकांसमोर मांडण्याला एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, तेव्हा लशीमुळे मुलांना पुढे अपत्य होणार नाही, हा कुणाचा तरी कट आहे, अशा अफवा फिरत होत्या. पालकांना तोंड द्यायचे काम साहजिकच शिक्षकांच्या वाट्याला आले. काही शिक्षकांनी ‘हे सगळे अडाणीपणाचे आहे’ असे म्हणून विषय संपवला. काहींना वाटले, ‘सरकार सगळे खरेच सांगते असे तरी कुठे आहे?’ आणि ते गप्प बसले. ह्या दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत, पण दोन्हींमध्ये तपासणी नाही. तपासणी म्हणजे काय हे शिकायला प्लेगच्या पहिल्या दहा वर्षांइतके चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

‘हॉस्पिटलात गेलेला परत येत नाही’

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. रोग्यांना आर्थर रोडच्या हॉस्पिटलात हलवायला सुरुवात झाली आणि तिथूनच अफवांना तोंड फुटले. हॉस्पिटलात रोग्यांना मुद्दाम मारतात, त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, असे लोक म्हणू लागले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला त्याच सुमारास कुणी तरी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांचे बळी मागितले आहेत, अशीही एक कथा पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला.

आज आपल्याला ही कथा हास्यास्पद वाटते. पण क्षणभर त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहू. त्याच्या चाळीतून चार माणसे डोलीतून हॉस्पिटलात गेली आणि त्यांपैकी तीन परत आली नाहीत. हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. त्याचे निरीक्षण खोटे नव्हते. चूक निरीक्षणात नव्हती, त्यातून काढलेल्या निष्कर्षात होती.

अफवेतील विधान सुटे करून पाहिले की त्याचे तीन भाग पडतात. पहिला, हॉस्पिटलात जाणारे बहुतेक मरतात. दुसरा, ते हॉस्पिटलामुळे मरतात. तिसरा, त्यांना कुणाच्या तरी हुकमाने मारले जाते. पहिला भाग खरा होता. दुसरा त्यातून आपोआप निघत नाही. तिसऱ्याला तर वेगळाच पुरावा लागतो. अफवेची खरी ताकद अशी, की पहिल्या भागाच्या खरेपणावर उरलेले दोन भाग फुकट वाहून नेले जातात.

दुसरा भाग का निघत नाही, हे वर्गात साध्या आकड्यांनी दाखवता येते. समजा, एका पेठेत १०० रोगी आहेत. त्यांतले अगदी शेवटच्या अवस्थेतले २० हॉस्पिटलात नेले आणि त्यांपैकी १६ वारले. उरलेले ८० घरीच राहिले आणि त्यांपैकी २४ वारले. म्हणजे हॉस्पिटलात दर दहांमागे आठ मृत्यू आणि घरी दर दहांमागे तीन. हॉस्पिटलाने कुणालाही इजा केलेली नाही, तरी आकडे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. कारण मुळात तिथे पोचलेली माणसेच जास्त आजारी होती. हे आकडे काल्पनिक आहेत, पण १८९६ मध्ये घडत होते ते ह्याच जातीचे. भीतीमुळे लोक रोगी लपवत, फार उशिरा हलवत. उशिरा हलवल्यामुळे मृत्यू वाढत आणि मृत्यू वाढल्यामुळे भीती वाढे. अफवा स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करत होती.

सरकारचेही चुकत होते

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट सोपी होईल : लोक अडाणी आणि सरकार शहाणे. इतिहास असा नाही.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे १८९६ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हते. अधिकाऱ्यांचा भर घाणीवर, दूषित घरांवर आणि माणसामाणसांतील संसर्गावर होता. म्हणून घरे जंतुनाशकाने धुणे, सामान जाळणे, रोग्याच्या घरातल्यांना छावणीत डांबणे असे उपाय निघाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि ह्या उपायांना जवळजवळ अमर्याद अधिकारांचे बळ मिळाले. पुण्यात रँड यांच्या समितीने घरांच्या झडतीसाठी गोरे सोल्जर वापरले. ते माजघरात, देवघरात शिरले. रेल्वे स्टेशनांवर स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाली.

ह्यातल्या बऱ्याचशा कष्टांचा साथ थांबवायला फारसा उपयोग नव्हता. प्लेग पसरवण्यात उंदरावरच्या पिसवांचा हात आहे असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगांवरून दाखवले. पण सरकारी प्लेग कमिशनने त्याला महत्त्व दिले नाही. १९०५ पासून मुंबईत झालेल्या सविस्तर संशोधनानंतर ती गोष्ट सर्वमान्य झाली. गंमत अशी की उंदीर पडले की घर सोडावे, हा गावकऱ्यांचा ठोकताळा ह्या ज्ञानाशी चांगला जुळणारा होता. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा नवे रक्त शोधत माणसाकडे वळतात. तेव्हा उंदरांच्या वस्तीपासून दूर जाणे हाच खरा बचाव होता. नगरच्या माळावर झोपडीत राहणारा शेतकरी त्या वेळच्या अनेक अधिकाऱ्यांपेक्षा योग्य कृती करत होता, जरी कारण त्याला माहीत नव्हते.

म्हणजे राणीने बळी मागितल्याची कथा खोटी होती. सरकारवरचा अविश्वास मात्र निराधार नव्हता. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्या वादविवादांत फार लवकर विसरले जाते. त्या काळातही तोल सांभाळणारी माणसे होती. टिळकांनी झडतीच्या जुलमावर ‘केसरी’तून कडक टीका केली, पण ते पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी तपासणीच्या कामात भाग घेतला आणि हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारायला मदत केली. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी वारल्या. सरकारी कारभारावर शंका घेणे आणि रोग्याला दवाखान्यात पोचवणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

गोखल्यांची माफी

शंका घेण्याचा अधिकार एका जबाबदारीसकट येतो. ह्याचे उदाहरण म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. १८९७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातले हे एकतीस वर्षांचे प्राध्यापक वेल्बी कमिशनसमोर साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. तिथे त्यांना पुण्याहून विश्वासू मित्रांची पत्रे येत. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, अशी बातमी पत्रांतून आली. गोखल्यांनी ती ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितली आणि एकच गदारोळ झाला. पुरावा द्या, अशी मागणी झाली. गोखले परतले, चौकशी केली आणि पुरावा उभा करता येत नाही असे पाहून ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यांच्यावर चोहोबाजूंनी टीका झाली. स्वकीयांनी त्यांना भित्रे म्हटले.

ह्या प्रसंगाचा अर्थ लावताना घाई करू नये. पुरावा मिळाला नाही म्हणजे बातमी खोटी होती, असे सिद्ध होत नाही. २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या होत्या. जुलैअखेर टिळकांना अटक झाली होती. नातू बंधूंना खटल्याविना स्थानबद्ध केले होते. अशा वातावरणात आपल्या घरातल्या स्त्रीची विटंबना झाली असे सांगायला कोण पुढे येणार? पण त्याचबरोबर, पुरावा का मिळत नाही याचे पटणारे कारण हाती असले म्हणजे पुरावा मिळाला असेही होत नाही. कटाच्या कथा नेमक्या इथे घसरतात. ‘पुरावा नाही, कारण त्यांनी तो दडपला’ असे म्हटले की पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरतो आणि मग कुठलीही गोष्ट कधीच खोटी ठरू शकत नाही.

गोखल्यांनी केले ते एवढेच : मला जे दाखवता येत नाही ते मी ठामपणे म्हणणार नाही. पत्र लिहिणारी माणसे सज्जन होती, विश्वासू होती. पण सज्जन माणसाने ऐकलेली गोष्ट ही ऐकीवच राहते. विश्वासू ओळखीच्या माणसाने मोबाइलवर पाठवलेल्या मजकुराला आज हीच कसोटी लावायला हवी.

मुलकोवालची बाटली

आता दुसऱ्या बाजूचे उदाहरण. इथे तज्ज्ञांचीच घाई झाली.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लशीविषयी अफवा होत्याच. सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, पुरुषत्व जाते असे लोक बोलत. तरीही लाखो लोकांनी लस घेतली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांतल्या १९ जणांना आठवड्याभरात धनुर्वाताने गाठले. एकोणीसही जण दगावले.

अफवा पसरवणाऱ्यांच्या दृष्टीने हा साक्षात पुरावाच होता. लशीनंतर माणसे मेली, हे खरेच घडले होते. ‘असे होऊच शकत नाही’ असे म्हणणारा इथे सपशेल खोटा पडला असता. शास्त्रीय वृत्तीच्या माणसाने ही शक्यता नेहमी मनात बाळगली पाहिजे. बहुतेक अफवा खोट्या असतात, म्हणून पुढची तपासायची गरज नाही, असे होत नाही.

सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. मेलेले सगळे एकाच, ‘५३-एन’ या बाटलीतून टोचलेले होते. हाफकिन यांनी अलीकडेच लस तयार करण्याची पद्धत बदलून कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते आणि निर्जंतुक करण्यासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली होती. समितीचा निष्कर्ष निघाला : बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली. हाफकिन यांना काम सोडावे लागले. एक परदेशी शास्त्रज्ञ, एक नवी पद्धत, एक बाटली. कथा जुळत होती.

पण जुळणारी कथा म्हणजे सिद्ध झालेली कथा नव्हे. काही साधे प्रश्न शिल्लक होते. धनुर्वाताच्या जंतूंची वाढ झालेल्या द्रवाला उग्र दुर्गंधी येते. बाटली भरून बरेच दिवस झाले होते. जंतू मुंबईतच शिरले असते तर उघडताना वास यायला हवा होता, आणि उघडणाऱ्या डॉक्टरांना तो आला नव्हता. बाटलीत उरलेल्या लशीत नंतर जंतू सापडले हे खरे, पण ते बाटली उघडण्यापूर्वीचे की नंतरचे? आणि त्याच चौकशीत नोंदलेली एक बारीकशी गोष्ट : बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात, हे तर आपण मुलांना शिकवतोच.

हे मुद्दे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लावून धरले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले आणि वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त होऊन भारतात परतले. पाच वर्षे गेली होती. त्यांना मुंबईची प्रयोगशाळा परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. परळची हाफकिन संस्था ती हीच.

इथे लक्षात घेण्यासारखे असे, की सरकारी समितीची चूक आणि आर्थर रोडच्या जमावाची चूक एकाच घराण्यातल्या आहेत. दोघांनीही दोषी आधी निवडला आणि पुरावा त्याच्याभोवती मांडला. पदवी, पद, न्यायासन यांपैकी कशानेही माणूस ह्या चुकीपासून सुटत नाही. फरक एवढाच की दुसऱ्या चुकीच्या बाबतीत नोंदी लिहून ठेवलेल्या होत्या. बाटलीचा क्रमांक होता, टोचलेल्यांची संख्या होती, चिमटा पडल्याचे लिहिलेले होते. म्हणून पाच वर्षांनी का होईना, चूक दुरुस्त करता आली.

खरी गुपिते कशी असतात?

कुणी विचारील, मग सरकारे कट करतच नाहीत का? करतात. त्याचा दाखला नगर शहरातच आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक झालेल्या नेत्यांपैकी नेहरू, आझाद, पटेल, शंकरराव देव आदी बारा जणांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले गेले. ठिकाण सरकारने जाहीर केले नव्हते. त्या वेळी कुणी म्हटले असते, की ‘इंग्रज आपल्या पुढाऱ्यांना आफ्रिकेत धाडायचा विचार करत आहेत’, तर ती अफवा म्हणून उडवली गेली असती. पण ब्रिटिश सरकारने १९७० नंतर सत्तांतराची कागदपत्रे प्रसिद्ध केली, त्यांवरून दिसते की १९४२ च्या उन्हाळ्यात असा विचार खरोखरच झाला होता आणि नंतर तो सोडून देण्यात आला.

ह्या गुपिताचे रूप पाहण्यासारखे आहे. हेतू मर्यादित, माहितगार थोडे, त्यांच्यातही मतभेद, तारखांसहित पत्रव्यवहार, आणि अखेर बेत फसलेला. खरी गुपिते बहुधा अशी असतात. याउलट ज्या कटात हजारो डॉक्टर, परिचारिका, कारखान्यांतले कामगार आणि अनेक देशांची सरकारे वर्षानुवर्षे सामील असावी लागतात आणि तरी एकही कागद, एकही फुटलेला साक्षीदार सापडत नाही, तो कट अशक्य नव्हे, पण फार असंभव म्हणावा लागतो. दावा जितका मोठा, तितका पुरावा भक्कम मागावा.

वर्गात काय करावे?

ढिलाईची किंमत काय असते हे आपण पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या, भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या जमातीतील पाच जणांना ठार मारले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्या जमावात कुणी ‘कोणाचे मूल, कोणत्या गावचे, कधी पळवले?’ एवढे विचारून उत्तराची वाट पाहिली असती, तर पाच जीव वाचले असते.

आठवी-नववीच्या वर्गात एक साधा उपक्रम घेता येईल. गावात ऐकलेली एखादी अफवा मुलांना लिहून आणायला सांगावी. मग फळ्यावर ती तीन रकान्यांत मोडावी : डोळ्यांनी पाहिलेले काय, त्यावरून केलेला तर्क काय, आणि कुणाच्या हेतूविषयी केलेले विधान काय. प्रत्येक रकान्यासमोर लिहावे, की हे खोटे असते तर आपल्याला काय वेगळे दिसले असते. आर्थर रोडची अफवा आणि जेन्किन्स समितीचा निष्कर्ष हे दोन्ही ह्याच रकान्यांत बसवून पाहावेत. म्हणजे शंका फक्त अडाण्यांवर किंवा फक्त सरकारवर घ्यायची नसते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल.

आणि पालक लशीविषयी विचारायला आले, तर आधी त्यांनी काय पाहिले ते विचारावे. शेजारच्या मुलाला ताप आला असेल, तर तो आला हे मान्य करावे. मग पुढचे प्रश्न त्यांच्याबरोबर बसून सोडवावेत : किती मुलांना टोचले, कितींना ताप आला, किती दिवसांत उतरला, न टोचलेल्यांत त्याच आठवड्यात कितींना आला, आणि ह्याची नोंद आरोग्य केंद्रात कुठे आहे. नोंद मागण्याचा हक्क त्यांचा आहे. ती मिळवायला त्यांच्यासोबत जाणे हे शिक्षकाचे काम आहे.